नदीचा जमाखर्च

बुलढाणा हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे. पावसाळ्याचे पहिले ढग या डोंगरमाथ्यावर बरसू लागले, म्हणजे तेथे एक मौज घडते. शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब दोन निरनिराळ्या दिशांनी प्रवासास निघतात. उत्तरेच्या उतारावर पडलेला थेंब नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांपैकी एखाद्या नदीत शिरतो, डोंगर उतरून पूर्णेला मिळतो आणि पूर्णेबरोबर तापीत जाऊन अखेर अरबी समुद्र गाठतो. दक्षिणेच्या उतारावर पडलेला थेंब पैनगंगेचा होतो. येळगावच्या धरणात तो क्षणभर विसावतो, मेहकरावरून पुढे जातो आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी यांच्या संगतीने बंगालच्या उपसागरास मिळतो.

हे थेंब रिकाम्या हातांनी जात नाहीत. वाटेतल्या काळ्या खडकातून ते क्षार घेतात, शेतातून मातीचे कण घेतात, झाडाखालचा पाचोळाही ओढून नेतात. नदीकडे पाहताना आपल्या डोळ्यांत भरते ते पाणी. परंतु नदी म्हणजे नुसते पाणी नव्हे. ते एक नांदते घर आहे, आणि घर म्हटले की जमाखर्च आलाच. हा जमाखर्च कसा चालतो, ते या पाठात आपण पाहू.

प्रथम या घरातील माणसे कोण, ते पाहा. दगडांवर हिरवे, बुळबुळीत शेवाळ असते. पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. शेवाळ खरवडून खाणाऱ्या गोगलगायी आणि कीटकांच्या अळ्या दगडांना चिकटून राहतात. काठावरच्या करंजाची अन् उंबराची पाने पाण्यात पडली, की त्यांच्यावरही कित्येकांची पोटे भरतात. या अळ्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मरळीसारखे मोठे मासे खातात. वर फांदीवर खंड्या टपून बसलेला असतो. बगळा आणि पाणकावळा यांचीही नजर माशांवरच असते. आणि सर्वांच्या खाली, तळच्या चिखलात, जिवाणू व बुरशी राहतात. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मेलेले, सडलेले, टाकलेले जे जे काही असेल, ते त्यांच्या वाट्याला येते. त्यांना विघटक म्हणतात.

या घरात दोन वस्तूंची देवघेव चालते. एक द्रव्य, आणि दुसरी ऊर्जा. ज्याची शरीरे बनतात ते द्रव्य. ज्याच्या बळावर ती शरीरे हलतात, वाढतात, जगतात ती ऊर्जा. या दोन वस्तूंचे मार्ग मात्र अगदी भिन्न आहेत.

घरची चूल आठवा. चुलीत गोवरी घातली. ती जळाली, भाकरी भाजली गेली, घर उबदार झाले. मागे राहिली राख. ती राख शेतात टाकली, तर पुढच्या पिकाला खत म्हणून उपयोगी पडते. त्या पिकाचा कडबा बैल खातो, आणि बैलाच्या शेणाची पुन्हा गोवरी थापता येते. धुरातून गेलेला कर्बवायूसुद्धा कोणत्या तरी पानात पुन्हा शिरतो. परंतु भिंतींतून, छपरातून निघून गेलेली ती ऊब? ती पुन्हा गोळा करून कोणालाही तिची गोवरी थापता येत नाही. राख परत येते, ऊब परत येत नाही. द्रव्य आणि ऊर्जा यांच्यातील भेद एवढाच आहे. पण तो फार मोठा आहे.

पैनगंगेच्या खोऱ्यातील एका लहान शाळेत गुरुजींनी चौथीच्या मुलांना हीच गोष्ट एका खेळातून शिकविली. कोणत्याही शाळेत करता येण्याजोगा तो खेळ असल्यामुळे येथे सविस्तर सांगतो.

गुरुजींनी ज्वारीचे हजार दाणे मोजून घेतले आणि नदीतून वीस गुळगुळीत खडे आणविले. दाणे म्हणजे ऊर्जा आणि खडे म्हणजे द्रव्य. खडे एका परडीत घालून परडी मध्ये ठेवली. ती झाली नदीच्या तळाची माती. एक रिकामे मडके खोलीच्या दाराबाहेर ठेवून त्यावर खडूने ‘उष्णता’ असे लिहिले. मग मुलांना कामे वाटून दिली. एक मुलगा सूर्य झाला. काही मुले शेवाळ झाली, काही पाणकिडे, काही मासे. एक मुलगी खंड्या झाली. विघटक होण्यास मात्र कोणी पुढे येईना. अखेर मागच्या रांगेतील एक अबोल मुलगा उठला आणि परडीजवळ जाऊन बसला. तो चिखलातला जिवाणू झाला, म्हणून दोघेतिघे हसले.

खेळाचे नियम असे होते. सूर्याने सर्व दाणे शेवाळाला द्यावेत. कारण सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी आणि कर्बवायू यांपासून अन्न बनविण्याची विद्या हिरव्या वनस्पतींनाच अवगत आहे. खडे मात्र सूर्याने द्यावयाचे नाहीत. ते शेवाळाने परडीतून घ्यावयाचे. ज्याला दाणे मिळतील त्याने दहांतील एक दाणाच आपल्याला खाणाऱ्याच्या हाती द्यावा. उरलेल्या नवांपैकी काही स्वतःच्या हालचालीत आणि श्वासोच्छ्वासात खर्च झाले असे समजून मडक्यात टाकावेत, आणि काही मेलेल्या देहांबरोबर व विष्ठेबरोबर विघटकाकडे पाठवावेत. विघटकालाही पोट आहे. तोही आपले दाणे वापरतो व मडक्यात टाकतो. मात्र आपल्या हाती आलेले खडे त्याने परत परडीत ठेवावयाचे.

खेळ सुरू झाला. शेवाळाच्या हाती हजार दाणे आले. त्यांतील शंभर पाणकिड्यांना मिळाले. पाणकिड्यांकडून माशांना दहा मिळाले. खंड्या झालेल्या मुलीच्या तळहातावर केवळ एक दाणा पडला! ती त्याकडे पाहतच राहिली. “गुरुजी, एवढ्यावर मी उडू कशी?” तिने विचारले. गुरुजी म्हणाले, “म्हणूनच नदीवर शेवाळ अमाप असते, किडे पुष्कळ असतात, मासे त्याहून कमी असतात, आणि एका डोहावर खंड्या एखाददुसराच दिसतो.”

फेरी संपल्यावर हिशेब झाला. परडीत खडे वीसच्या वीस जमले होते. दाणे मात्र एकूण एक मडक्यात गेले होते. खंड्याचा एकुलता एक दाणाही अखेर तेथेच गेला. एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, मडक्यातले दाणे सूर्याला परत देऊ या. पुन्हा खेळता येईल.” तेव्हा गुरुजींनी त्याला चुलीच्या उबेची गोष्ट सांगितली. ऊर्जा नाहीशी होत नाही. पण उष्णता होऊन ती चोहीकडे पांगली, म्हणजे शेवाळाला तिचा काही उपयोग राहत नाही. “मग उद्या नदीचे कसे होणार?” मुलाने विचारले. “उद्या पुन्हा सूर्य उगवेल,” गुरुजी म्हणाले. खेळासाठी त्यांनी नवे हजार दाणे काढले. खडे मात्र तेच राहिले.

दुसऱ्या फेरीत गुरुजींनी विघटक झालेल्या मुलाला बाजूस बसविले. आता मेलेल्या माशांचे, किड्यांचे खडे जेथल्या तेथे पडून राहू लागले. दोन फेऱ्यांतच परडी रिकामी झाली. सूर्याच्या ओंजळीत दाणे भरपूर होते, पण शेवाळाला अंग वाढविण्यास खडा नव्हता. खेळ थांबला. मघाशी हसलेली मुले गप्प झाली. शेवटी त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, “गुरुजी, जिवाणूला परत बोलवा.” नदीच्या घरात सर्वांत खालच्या पायरीवर बसणाऱ्याचे काम किती मोठे आहे, हे वेगळे सांगावे लागले नाही.

हजाराचे शंभर, शंभराचे दहा, हा हिशेब गुरुजींनी मुलांच्या सोयीसाठी केला होता. निसर्ग दहाचा पाढा म्हणत बसत नाही. परंतु उतरण खरोखरच अशी असते काय? अमेरिकेत फ्लॉरिडा प्रांतात सिल्व्हर स्प्रिंग्ज नावाचे मोठे झरे आहेत. त्यांतून निघणाऱ्या स्वच्छ प्रवाहाचा अभ्यास हॉवर्ड ओडम या शास्त्रज्ञाने केला आणि १९५७ साली तो प्रसिद्ध केला. एक चौरस मीटर जागेत एका वर्षात वनस्पतींनी २०,८१० किलोकॅलरी ऊर्जा अन्नरूपाने साठविली, असे त्यास आढळले. वनस्पती खाणाऱ्या प्राण्यांपर्यंत तीतील ३,३६८ पोचली. त्यांना खाणाऱ्यांपर्यंत ३८३. आणि सर्वांत वरच्या पायरीवरील मोठ्या माशांपर्यंत केवळ २१. प्रत्येक पायरीचे प्रमाण निरनिराळे आहे. पण शेवटचा आकडा पहिल्या आकड्याशी ताडून पाहा. हजारात एक! खंड्याच्या तळहातावर पडलेला दाणा अगदीच खोटा नव्हता.

खेळ आवरताना नदीकाठी राहणाऱ्या एका मुलीने शंका काढली. “गुरुजी, आपण गोल बसलो आहोत. पण पैनगंगा तर वाहते. खडा परडीत पडला, तर तो पुढे वाहून जाणार नाही का?”

शंका मोलाची होती. कोणताही नमुना खऱ्या वस्तूचा सर्व गुण दाखवू शकत नाही. त्यात काय राहून गेले, हे ओळखणे हाही अभ्यासच आहे. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी खेळ अंगणात मांडला. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला समुद्र. आता प्रत्येक फेरीनंतर परडी चार पावले खाली सरकू लागली. खडा शेवाळाकडून किड्याकडे, किड्याकडून माशाकडे, माशाकडून चिखलाकडे फिरे. पण पुन्हा शेवाळाच्या हाती येई तो आधीच्या जागी नव्हे, थोडा पुढे. तळ्यात द्रव्याचा मार्ग वर्तुळासारखा असतो. नदीत तो मळसूत्रासारखा होतो; फिरत फिरत पुढे सरकतो. वरच्या अंगाची गरज डोंगराने व काठच्या झाडांनी पुरवावयाची, आणि खालच्या अंगाने वरच्याने सोडलेले घ्यावयाचे, अशी ही रीत आहे.

म्हणूनच नदीकाठच्या गावांचे एकमेकांशी नाते असते. वरच्या गावाने पाण्यात जे सोडले, ते खालच्या गावाच्या दारावरून जाते. शेतात घातलेल्या खताचा काही अंश पावसाबरोबर ओढ्यात उतरतो. गावाचे सांडपाणी नाल्यावाटे नदीत येते. त्यातही द्रव्यच असते. म्हणजे परडीत वीस खड्यांच्या जागी दोनशे खडे पडतात. वरवर पाहता हे चांगलेच वाटेल. खडे वाढले, शेवाळ माजले! पण पुढे काय होते पाहा. माजलेले शेवाळ मरते व तळाशी साचते. ते कुजविताना विघटकांना पाण्यातील प्राणवायू लागतो. रात्री सूर्यप्रकाश नसल्याने वनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत. उलट श्वासोच्छ्वासासाठी त्याही तो वापरतात. पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू इतका उतरतो, की मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे वासू लागतात आणि पुष्कळदा मरतात. अन्न कमी पडून नव्हे, तर जमाखर्चाचा तोल सुटून त्यांचा घात होतो. उन्हाळ्यात ही भीती अधिक. आपल्या जिल्ह्यातील कित्येक ओढ्या-नद्यांचा प्रवाह तेव्हा तुटतो आणि मागे डोह उरतात. भरल्या नदीला जी घाण पचते, ती त्या एवढ्याशा पाण्याला पचत नाही.

नदीतून द्रव्य वाहून नेले जाते ते केवळ विरघळून नव्हे. प्रत्येक पावसाळ्यात उताराच्या शेतांतील काळी माती गढूळ पाण्याबरोबर खाली जाते. समुद्रापर्यंत ती पोचतेच असे नाही. वाटेतल्या धरणांत व तलावांत पाणी संथ झाले, की ती तळाशी बसते. तोच गाळ. शेत माती गमावून उघडे पडते, आणि तलावात गाळ साचून पाण्यास जागा उरत नाही. असा हा दुहेरी तोटा आहे. यावर साधा उपाय एकच : जे जेथून आले, ते तेथे परत न्यावे. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. २०१८ साली बुलढाणा जिल्ह्यात तलावांतील गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. त्यात भारतीय जैन संघटना ही संस्था शासनाबरोबर उभी राहिली. शेतकऱ्यांनी सुपीक गाळ आपल्या शेतांत नेऊन पसरला. तलाव व नाले खोल करताना निघालेली माती व मुरूम महामार्गांच्या भरावासाठीही वापरण्यात आला, आणि ही पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नदीने जे नेले होते, त्यातील थोडेसे माणसाने पुन्हा डोंगराकडच्या बाजूस आणून ठेवले. अंगणातल्या खेळात परडी उचलून चार पावले वर न्यावी, तसेच हे.

आता या जिल्ह्यातील एक निराळेच पाणी पाहू. त्यात पाणी येते, पण बाहेर जाण्यास त्यास वाट नाही. ते म्हणजे लोणारचे सरोवर. प्राचीन काळी आकाशातून आलेला एक अवजड पाषाण काळ्या कातळावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर झाले. काठच्या झऱ्यांचे व पावसाचे पाणी आत उतरते. सूर्याच्या उष्णतेने त्याची वाफ होते. पण वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते मागे राहतात. हजारो वर्षे जमा होत आहे, खर्च नाही! म्हणून ते पाणी खारट झाले. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी दिसू लागले, तेव्हा सर्वांना नवल वाटले. पाण्याची पातळी उतरून खारेपणा वाढल्यामुळे क्षारप्रिय सूक्ष्मजीव बळावले आणि त्यांच्या अंगच्या रंगाने हा प्रकार घडला, असे शास्त्रज्ञांच्या तपासणीतून दिसून आले. त्याच वर्षी जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत लोणारचा समावेश झाला.

पैनगंगा आणि लोणार यांवर पडणारे ऊन सारखेच आहे. ऊर्जा दोघांनाही तेवढीच मिळते. एकीत मासे, खेकडे, खंड्या नांदतात. दुसऱ्याचे पाणी क्षारांनी इतके भारलेले, की त्यात विशेष प्रकारच्या जीवांचेच फावते. हा फरक द्रव्याच्या वाटेचा आहे. ऊर्जा रोज नव्याने येते व रोज निघून जाते. तिच्या येण्याजाण्यावर आपली सत्ता नाही. द्रव्य मात्र येथेच राहते. ते कोठे अडवावे, कोठे सोडावे, कोठे परत न्यावे, याचा भार पुष्कळसा माणसावर येऊन पडला आहे.

पुढच्या वेळी नदीवर गेलात, तर घाईने परतू नका. एक दगड हलकेच उचलून त्याची खालची बाजू पाहा आणि तो होता तसाच परत ठेवा. तेथे चिकटलेली इवलीशी अळी पाहिली, तर तिच्या अंगात सकाळचे ऊन आहे, डोंगराचा खडक आहे, आणि कदाचित तुमच्या शेतातली मातीही आहे, हे ध्यानात येईल. त्या घरच्या जमाखर्चात तुमच्या गावाचेही एक खाते आहे. त्यात काय जमा करावयाचे, हे तुमच्या हाती आहे.

शब्दार्थ

द्रव्य – ज्यापासून वस्तू व शरीरे बनतात ते. विघटक – मृत पदार्थांचे साध्या घटकांत रूपांतर करणारे जीव. परडी – लहान पसरट टोपली. मळसूत्र – फिरत फिरत पुढे जाणारी आटेदार रेषा, स्क्रूवर असते तशी. विवर – मोठा खोल खड्डा. तोंड वासणे – तोंड उघडे टाकणे. फावणे – सोईचे होणे, संधी मिळणे.

स्वाध्याय

१. डोंगरमाथ्यावर शेजारी पडलेले दोन थेंब वेगवेगळ्या समुद्रांना कसे मिळतात, ते नद्यांची नावे देऊन सांगा.
२. ‘राख परत येते, ऊब परत येत नाही’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. कारणे द्या : (अ) एका डोहावर खंड्या एखाददुसराच दिसतो. (आ) विघटक नसतील, तर भरपूर ऊन असूनही शेवाळ वाढणार नाही. (इ) शेवाळ माजल्यावर पहाटे मासे मरतात.
४. तळ्यातील द्रव्याचा मार्ग आणि नदीतील द्रव्याचा मार्ग यांत कोणता फरक आहे? आकृती काढून दाखवा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : जमाखर्च, ओंजळ, नांदणे, अबोल, दुहेरी.
६. पाठातील खेळ वर्गात करून पाहा. तुमच्या गावच्या नदीत किंवा ओढ्यात घडणारी, पण या खेळात न दिसणारी एखादी गोष्ट शोधा आणि ती दाखविण्यासाठी खेळात एक नवा नियम घाला.